कुलूप लावलेला मेल आणि पाय बांधलेला मेल

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये 'एन्क्रिप्ट' बटण दाबलं की दोन मुख्य पर्याय समोर येतात: 'एन्क्रिप्ट-ओन्ली' आणि 'डू नॉट फॉरवर्ड'. मेल दोन्हींत एन्क्रिप्ट होतो, म्हणजे ज्याला पाठवला त्याच्याशिवाय इतरांना वाचता येऊ नये असा सांकेतिक होतो, म्हणून बरेच जण जास्त कडक वाटतो तो दुसरा निवडून मोकळे होतात. मेल कंपनीबाहेर जाणार असेल तर हा कडकपणा अंगाशी येतो.

'एन्क्रिप्ट-ओन्ली' म्हणजे नुसतं कुलूप. ज्याच्या नावाने मेल गेला त्याने ओळख पटवली की तो वाचा, छापा, कॉपी करा, पुढे पाठवा, सगळं चालतं. संरक्षण तेवढं काढता येत नाही. 'डू नॉट फॉरवर्ड'मध्ये कुलूप तेच, वर मेलचे पायही बांधलेले. उत्तर देता येतं, पण फॉरवर्ड, प्रिंट, कॉपी बंद. उत्तरात नवा माणूसही घालता येत नाही. सोबत जोडलेली साधी वर्ड किंवा एक्सेल फाइलसुद्धा याच बंधनात जाते, आणि घोळ होतो तो इथे. कराराचा मसुदा असा पाठवलात, तर समोरच्याने तो आपल्या वकिलाला दाखवायचा कसा? शेवटी तुम्हाला फोन येतो, आणि वैतागून तीच फाइल तुम्ही बिनकुलपाची धाडता. म्हणून बाहेरच्यांसाठी मी तरी सहसा 'एन्क्रिप्ट-ओन्ली'च घेतो.

त्यातही एक गंमत आहे. जीमेलवाल्याला मूळ मजकूर नाही, एक लिंक मिळते. ती उघडून गूगल खात्याने साइन इन करायचं किंवा १५ मिनिटं चालणारा कोड मागवायचा. हा कोड येतो मूळ पत्त्यावरच. त्यामुळे त्याने जीमेलमधून तो मेल जसाच्या तसा पुढे ढकलला, तर तिसऱ्याच्या हाती नुसतं पाकीट पडतं. मग 'फॉरवर्ड चालतं म्हणालात, पण उघडत नाही' अशी तक्रार येते. आधी लिंकवरून मेल उघडून, तिथलंच फॉरवर्ड वापरायला सांगा.

'डू नॉट फॉरवर्ड' ठेवावं ते एकाच माणसाने वाचायच्या गोष्टींसाठी. एखाद्याला देऊ केलेल्या पगाराचा आकडा, उदाहरणार्थ. अर्थात त्याने मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला, तर तो यातला कुठलाच पर्याय अडवत नाही.