सीरम आधी हडपसरचं होतं

पुण्यात ‘सीरम’ म्हटलं की आजही निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे हडपसरची लशीची कंपनी येते. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली ती सुरू केली. घरचा घोड्यांचा स्टड फार्म होता आणि घोड्याच्या रक्तातल्या सीरमपासून धनुर्वातावरचं प्रतिविष तयार होत असे, म्हणून ते नाव. त्यामुळे ‘नात रोज रात्री सीरम लावते’ हे माझ्या सासूबाईंच्या कानावर पहिल्यांदा पडलं, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, ‘‘टोचून की थेंब?’’ थेंबच होते. ड्रॉपरने, गालावर.

शब्दाचं मूळ तर याहून साधं आहे. लॅटिनमध्ये सीरम म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारं हिरवट पाणी. रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या निवळीला वैद्यकाने तेच नाव दिलं, आणि पुढे सौंदर्यप्रसाधनवाल्यांनी ते दवाखान्यातून उचललं. पांढऱ्या कोटाचा रुबाब त्याबरोबर फुकट मिळाला. तेलाचं उलट. तेलाला आजीच्या हाताचा वास. आज लक्ष्मी रोडवर किंवा फर्ग्युसन रस्त्यावर दुकानात उभी राहून ‘ऑइल घेऊ की सीरम?’ असं विचारणारी मुलगी दोन वेगळ्या घराण्यांपुढे उभी असते, आणि दुकानदार तिला दोन्हीतली महागडी बाटली दाखवतो.

तेलाचं घराणं अर्थातच जुनं. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘अभ्यङ्गमाचरेन्नित्यम्’ असा स्पष्ट आदेश आहे. रोज तेल लावा. म्हातारपण, थकवा आणि वात लांब राहतील. तेलाच्या जाहिरातींना एवढंच पुरतं. पण वाग्भट जरा पुढे जाऊन हेही सांगतो की कफाने ग्रासलेल्याने, नुकतंच शोधन (वमन-विरेचनाने पोटाची शुद्धी) झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने अभ्यंग टाळावं. तेल सगळ्यांना नाही, ही अट मूळ ग्रंथातच आहे.

दुसरी गोष्ट ग्रंथापेक्षा न्हाणीघरात नीट कळते. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसवून तेल चोळतात, मग उटणं, मग कढत पाणी. उटण्यात कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद. सगळी कोरडी, किंचित खरखरीत पूड. ती अंगावरचं तेल उचलून नेते. एरवीही साय लावली तर मागोमाग डाळीचं पीठ असायचंच. म्हणजे आपल्या रिवाजात चेहऱ्याला लावलेलं तेल काढायचं असतं. ते रात्रभर ठेवून उशीच्या अभ्र्याला पाजायचं, हे ‘फेस ऑइल’ नावाचं अलीकडचं प्रकरण. त्यावर परंपरेचं लेबल लावलेलं पाहिलं की मला हसू येतं. कुंकुमादी तेलाचा पाठ अष्टांगहृदयात आहे हे खरं: केशर, चंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, लाख, तिळाचं तेल, बकरीचं दूध. पण तो क्षुद्ररोगांच्या, म्हणजे किरकोळ आजारांच्या प्रकरणात येतो, वांगासारख्या तक्रारींवरचा उपाय म्हणून. आता तेच तेल ‘कुंकुमादी सीरम’ नावाने विकलं जातं, तेव्हा नावावरून काही कळेल ही आशाच सोडायला हवी.

मधल्या काळात तेलाची पत घसरली. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ आणलं. लावलं की जिरायचं, चकाकी ठेवायचं नाही. ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठीत रुळला तो अशाच डब्यांमुळे. चेहरा तेलकट दिसणं गावंढळपणाचं ठरलं. माझी आई कार्याला निघताना डोक्याचं तेल कपाळावर उतरलंय का हे आरशात बघायची आणि पदराच्या टोकाने टिपायची, अगदी हळद-कुंकवाला धक्का न लावता. कोरडी, तेलकट, नॉर्मल ही त्वचेची वाटणीही त्याच काळातली. तिचं श्रेय साधारणपणे हेलेना रुबिनस्टाईन या बाईंना देतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये त्यांनी क्रीमचं दुकान थाटलं होतं. गिऱ्हाइकाला कुठली बरणी द्यायची, यासाठी केलेली ही विभागणी. ती टिकली, कारण ती सोपी आहे.

खरी उलथापालथ झाली १९५२ साली, आणि तीही कुठल्या सुंदर चेहऱ्यावर नव्हे, पायाच्या घट्ट्यावर. आयर्विन ब्लँक या अमेरिकी संशोधकाने पायाच्या घट्ट्याचे तुकडे घेतले. वाळलेला तुकडा कडक, वाकवला की तुटणारा. तो तेलात बुडवून ठेवला तरी कडकच राहिला. पाण्यात ठेवला आणि मऊ झाला, वाकू लागला. एवढंच. पण त्यामुळे हजारो वर्षांचा एक समज उलटा झाला. त्वचा कोरडी होते ती तेल कमी पडल्यामुळे नव्हे, वरच्या थरातलं पाणी कमी पडल्यामुळे. तेलाचं काम पाणी आत कोंडून ठेवण्याचं. भातावरच्या झाकणासारखं. पातेल्यात पाणीच नसेल तर झाकण ठेवून भात शिजत नाही.

हे एकदा लक्षात आलं की पुण्याचा हिवाळा उलगडतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी ठणठणीत. गाल उलतात, ओठ फुटतात. अशा वेळी कोरड्या चेहऱ्यावर तेल चोळलं तर चकाकी येते, ओढ जात नाही. तेच तोंड धुऊन, अर्धवट टिपून, ओलसर त्वचेवर दोन थेंब लावले तर गाल संध्याकाळपर्यंत शांत राहतो.

तेलकट त्वचेचं दुखणं वेगळ्या वाटेने उघडकीला आलं. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांकडे लक्ष वेधलं, आणि कुठला पदार्थ रंध्रं बुजवतो हे सशाच्या कानावर लावून पाहिलं. त्यातून पुढे तेलांच्या शून्य ते पाच अशा गुणांच्या याद्या निघाल्या. त्या अजून फिरताहेत. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार लवकर बिघडतो, हे मात्र यादीसोबत फिरत नाही. तरी खोबरेलाला त्या यादीत मिळालेले वाईट गुण मला स्वतःला मान्य आहेत. कॉलेजात असताना मी महिनाभर रोज रात्री कपाळाला खोबरेल लावलं होतं. बारीक पुटकुळ्यांची जी रांगोळी उमटली, ती परीक्षेपर्यंत पुरली.

आता सीरमकडे. १९३४ साली कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या पारदर्शक द्रवातून एक पदार्थ वेगळा केला. काचेच्या ग्रीक नावावरून त्याला हायलुरॉनिक अ‍ॅसिड म्हटलं. आधी कोंबड्याच्या तुऱ्यातून आणि नंतर जिवाणूंच्या मदतीने तो मुबलक मिळू लागला. १९८२ साली एस्टी लॉडर या अमेरिकी प्रसाधन कंपनीने ‘नाइट रिपेअर’ हे सीरम आणलं: तपकिरी बाटली, ड्रॉपर, अगदी औषधाच्या दुकानातल्यासारखी. त्या ड्रॉपरने सगळा खेळ बदलला. क्रीम बोटाने घ्यायचं असतं, थेंब मोजायचे असतात, आणि मोजलेल्या वस्तूवर माणूस लवकर विश्वास ठेवतो.

अर्थात मागे रसायनशास्त्रही होतं. ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या कामातून कळलं की क जीवनसत्त्व त्वचेत शिरावं तर द्रावण बरंच आम्ल लागतं, पीएच ३.५च्या खाली, आणि २० टक्क्यांपुढे प्रमाण वाढवून काही पदरात पडत नाही. २००० साली बोस आणि मेनार्डी यांनी ढोबळ नियम मांडला: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. निअ‍ॅसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप) १२२, क जीवनसत्त्व १७६, रेटिनॉल (अ जीवनसत्त्व) २८६. हे आत जातात. तेलाचा रेणू साडेआठशेच्या पुढे, तो वर बसतो. पण गंमत अशी की सीरमचा बादशहा हायलुरॉनिक अ‍ॅसिड नेहमीच्या रूपात लाखांच्या घरात, म्हणजे तोही वरच बसतो. पाणी धरून ठेवतो इतकंच. वर झाकण नसेल तर जानेवारीतली हवा ते पाणी नेते आणि तासाभरात गाल पुन्हा ओढतो.

२०१६ मध्ये टोरांटोच्या ‘द ऑर्डिनरी’ने आणि २०२० नंतर जयपूरच्या ‘मिनिमलिस्ट’ने बाटलीवर नाव कमी आणि टक्के मोठे छापायला सुरुवात केली. पुण्यातली पोरं टक्केवारीवर वाढलेली, त्यांना हे लगेच मानवलं. दहा टक्के म्हणजे पाच टक्क्यांपेक्षा चांगलं, हा हिशेब मात्र इथे चालत नाही. चेहऱ्यावरचं तेल कमी झाल्याचं एका अभ्यासात दिसलं, ते दोन टक्के निअ‍ॅसिनामाइडने.

खरा निकाल ‘तेल की सीरम’ यात नसून ‘कुठलं तेल’ यात आहे, असं मला वाटतं, आणि इथे महाराष्ट्राची एक ठेव आपण विसरलो आहोत. १९८०च्या दशकात मुरुम असलेल्यांच्या चेहऱ्यावरच्या तेलात लिनोलिक आम्ल, म्हणजे तेल ज्यांचं बनतं त्या आम्लांपैकी एक, कमी असतं असं आढळलं. पुढे २०१३ मध्ये शेफील्ड विद्यापीठाच्या अभ्यासात ऑलिव्ह तेल काही आठवडे लावल्यावर त्वचेचं वरचं आवरण कमकुवत झालं. सूर्यफुलाच्या तेलाने ते टिकून राहिलं. ऑलिव्हमध्ये ओलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या आसपास, सूर्यफुलात लिनोलिक जास्त. आपल्या बाळांना मालिश करायला महागड्या ऑलिव्हची बाटली आणणाऱ्या आजोबांना हे सांगणं अवघड जातं. तिळाच्या तेलात दोन्ही आम्लं जवळपास सारखी. खोबरेलात निम्मं लॉरिक. आणि करडई? तीत लिनोलिक पाऊणशे टक्के.

करडई म्हणजे सोलापूर-मराठवाड्याकडची. रब्बीत ज्वारीच्या शेताला कडेने पेरायची, कारण काटेरी झाडात गुरं शिरत नाहीत. कोवळी असताना भाजी, नंतर घाण्यावर तेल. काढणीला हात सोलवटतात म्हणून लोक कंटाळले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण काढले. आमच्या घरी ते तेल फोडणीला असायचं, तोंडाला लावायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. लावायचं तर घाण्यावरचं, छोट्या बाटलीत, उजेडापासून लांब. लिनोलिकवालं तेल लवकर खवट होतं, आणि खवट वास नाकाला कळला की ते फेकायचं. क जीवनसत्त्वाचं सीरम चहाच्या रंगाचं झालं की तेही तसंच. बाहेरच्या देशांत ओलिकवाली करडईही निघाली आहे, म्हणून आयात बाटलीवरची माहिती वाचलेली बरी.

या सगळ्यावरून माझी निवड अशी. कोरड्या त्वचेला पाणी धरणारं सीरम आणि त्यावर तिळाचे किंवा करडईचे दोन थेंब, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेलकट आणि मुरुमवाल्या त्वचेला निअ‍ॅसिनामाइड पुरे. तेलाची हौसच असेल तर स्क्वालेन, जे पूर्वी शार्कच्या यकृतातून काढत आणि आता उसापासूनही होतं. मिश्र त्वचेला गालापुरतं तेल, कपाळाला नाही. जुलैत, हवेत ओल असताना, बहुतेकांनी तेलाची बाटली कपाटातच ठेवावी. कपाळावर खाजरी, एकसारख्या आकाराची पुरळ असेल तर तेल नकोच. ते बऱ्याचदा मलासेझिया बुरशीचं काम असतं आणि तेलातली आम्लं हे तिचं खाद्य आहे. तिथे त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

परवा लेकीने नवी बाटली आणली, पुढे मोठ्या अक्षरांत ‘सीरम’. सासूबाईंनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं तिला वाचायला लावली. पहिलं पाणी, मग ग्लिसरीन, मग ‘कार्थॅमस टिंक्टोरियस सीड ऑइल’. हे काय, म्हणून तिने फोनवर शोधलं.

‘‘करडई गं आजी.’’

‘‘अगंबाई,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘ती तर आमच्या बांधाला होती.’’