बॉनेटखालची सफाई

मोटारीचे इंजिन ज्या कप्प्यात बसवलेले असते त्या इंजिन बेमधली धूळ, ओशट मळ, पाला आणि उंदरांची घाण घरच्या घरी काढण्याचे काम. वर्षातून दोनदा, पावसाळा लागण्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास केले तरी पुरते. नुसत्या धुळीने इंजिन सहसा बिघडत नाही; ती काढायला मारलेल्या पाण्याने मात्र चांगली चालती गाडी बंद पडते. म्हणून हे काम धुण्याचे कमी आणि पुसण्याचे जास्त.

खरा फायदा चकाकीचा नाही, गळती दिसण्याचा आहे. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून झिरपणारे ऑइल धूळ धरते, त्याचा काळा मेणचट थर बसतो आणि गळती नेमकी कुठून आहे ते कळेनासे होते. ऑइल ओघळत एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या तापट नळ्यांवर) पोचले की जळका वास थेट केबिनमध्ये येतो. थर काढून, भाग कोरडा करून, सांध्यावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवावा आणि गाडी शे-दीडशे किलोमीटर चालवावी. पावडर जिथे ओली होऊन काळवंडते, गळती तिथली.

झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत मळापेक्षा पाल्याचा त्रास मोठा. वायपरखाली प्लॅस्टिकची जाळी असते, तिच्याखाली पन्हळ आणि पन्हळीच्या टोकांना निचऱ्याची भोके. पिंपळाचे पान जाळीवरच अडते. गुलमोहराची बारीक पानगळ जाळीतून खाली उतरते, पावसात कुजते आणि भोकात बुचासारखी बसते. मग पन्हळीत साचलेले पाणी केबिनमध्ये हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या वाटेने पुढच्या सीटच्या पायाशी उतरते आणि मॅट ओले का, हे कळायला जुलै उजाडतो. पाला हाताने किंवा व्हॅक्यूमने काढावा, भोकात जुन्या ब्रेक केबलचा तुकडा फिरवावा आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडते का ते पाहावे.

बॅटरीच्या कडेला नमद्याचे (बॉनेटच्या आतल्या जाड अस्तराचे) तुकडे, टरफले, काड्या दिसल्या तर उंदराने घर केले आहे असे समजावे. लेंड्या सुक्या झाडू नयेत. हातमोजे आणि मास्क घालून, जंतुनाशक शिंपडून ओल्या कापडाने उचलाव्यात, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. त्याच वेळी वायरिंगवर दातांच्या खुणा शोधाव्यात. तंबाखूची पाने टांगण्याचा उपाय सर्रास केला जातो. त्याचा भरवसा वास टिकेल तेवढाच.

तयारी. गाडी सावलीत उभी करून तासभर थंड होऊ द्यावी. मॅनिफोल्डच्या आसपास हात सहज ठेवता आला पाहिजे. तापलेल्या भागावर द्रावण जागीच सुकून डाग पडतात आणि गार पाण्याने तापलेल्या ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. किल्ली काढलेली असावी. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू लागतो. ऑइलचे झाकण, डिपस्टिक, कुलंट आणि ब्रेक ऑइलच्या डब्यांची झाकणे घट्ट आहेत का ते पाहावे. एअर फिल्टरचे तोंड, फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, इग्निशन कॉइल आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) यांवर प्लॅस्टिक पिशव्या घालून रबर लावावेत. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर आधी झाकावा.

एक इंची रंगाचा ब्रश या कामाला उत्तम, पण त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळायची. तो पत्रा बॅटरीच्या दोन टर्मिनलांना, किंवा पॉझिटिव्ह आणि बॉडीला एकदम टेकला तर जी ठिणगी उडते ती पाहण्यासारखी नसते.

कृती. आधी सगळे कोरडे: सैल धूळ मऊ ब्रशने सुटी करून व्हॅक्यूमने ओढावी. मग पाण्यात मिसळणारा ऑल पर्पज क्लीनर घ्यावा. साध्या मळाला ५० मिली क्लीनर आणि ४५० मिली पाणी, मेणचट थराला १०० मिली आणि ४०० मिली. डब्यावर वेगळे प्रमाण छापलेले असेल तर ते पाळावे. फवारा इंजिनवर न मारता ब्रशवर किंवा फडक्यावर मारावा, वीतभर जागा घासावी, दोन-तीन मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. वरून खाली यावे. अशा रीतीने अख्ख्या गाडीला बादलीभर पाणीही लागत नाही. बॉनेटच्या आतला नमदा भिजवू नये. रेडिएटरच्या पातळ पत्र्या बोटाच्या दाबानेही वाकतात. तिथली धूळ आणि किडे लांब केसांच्या ब्रशने, पत्र्यांच्या दिशेनेच काढावेत.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी असेल, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत ती लवकर धरते, तर आधी निगेटिव्ह केबल सोडवावी. बहुतेक गाड्यांना १० मिमीचा पाना लागतो. उलट क्रमाने केले आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने लावावा, फेस थांबेपर्यंत घासावे, पुसून कोरडे करावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाता कामा नये. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह नंतर, वर व्हॅसलीनचा पातळ हात. केबल काढल्याने घड्याळ आणि काही गाड्यांत काचांचे ऑटो सेटिंग पुन्हा लावावे लागते.

नेहमीच्या चुका. पहिली प्रेशर वॉशरची. वायरिंगचा कनेक्टर आयपी६७ दर्जाचा (धूळ-पाणी अडवण्याचे मानक) आहे म्हणजे तो १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकतो. जवळून मारलेल्या जोरदार झोताची चाचणी निराळी, आयपी६९के. घरगुती वॉशरचा दाब १०० बारच्या घरात असतो, त्यापुढे नुसत्या आयपी६७ची हमी पुरत नाही. दुसरी चूक रॉकेल किंवा डिझेल मारण्याची. मळ झटकन सुटतो हे खरे, पण रबरी होज आणि बुशिंग फुगतात, तवंग मागे राहून पुन्हा धूळ धरतो आणि आगीची भीती वेगळीच. शेवटी मारतात ते सिलिकॉन पॉलिश फॅनबेल्टवर उडाले तर बेल्ट घसरून किंचाळतो. प्लॅस्टिकला काळेपणा हवाच असेल तर पाण्यावर आधारलेले ड्रेसिंग फडक्यावर घेऊन लावावे.

शेवटी सगळी आवरणे मोजून काढावीत. एअर फिल्टरच्या तोंडावरची पिशवी विसरून इंजिन चालू केले तर ते गुदमरून बंद पडते किंवा पिशवी आत ओढली जाते. खाचांतले पाणी हातातल्या ब्लोअरच्या गार हवेने उडवून, बॉनेट उघडे ठेवून इंजिन १० ते १५ मिनिटे चालू ठेवावे. गाडी मिसिंग करू लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकला किंवा स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ (सिलिंडर मिसिंग करत असल्याचे) यांपैकी कोड आला तर बहुधा प्लगच्या विहिरीत, म्हणजे स्पार्क प्लग बसतो त्या खोल खाचेत पाणी उतरलेले असते. इंजिन बंद करावे, निगेटिव्ह केबल सोडवावी, कॉइल उचलून पाणी टिपून घ्यावे आणि कॉइलचा रबर पूर्ण कोरडा झाल्यावरच परत बसवावा.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत केशरी आवरणाच्या केबल उच्च विद्युतदाबाच्या असतात. त्यांचे कनेक्टर सोडवू नयेत, त्यांच्याजवळ द्रावण नेऊ नये. कोरड्या फडक्याने धूळ टिपावी. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत रेग्युलेटर आणि किटचे कनेक्टर याच नियमात धरावेत, कारण त्यांचे सांधे कारखान्यातल्या वायरिंगइतके बंदिस्त असतीलच असे नाही.