इंजिनीअरिंगला जायचंय? मग जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा

दर वर्षी जून-जुलैत सेतू केंद्रांसमोर आणि समाजकल्याण कार्यालयांच्या जिन्यांवर जी गर्दी दिसते, त्यातली बरीचशी टाळता येण्यासारखी असते. सीईटीला चांगले पर्सेंटाइल मिळालेले असतात, कॉलेजही मनात ठरलेलं असतं, फक्त एक कागद हातात नसतो. तो म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, बोलीभाषेत 'व्हॅलिडिटी'. घरातलं पहिलंच मूल इंजिनीअरिंग, फार्मसी किंवा आर्किटेक्चरकडे निघालं असेल, तर हा कागद काढायला किती वेळ लागतो हे सांगणारं घरात कुणी नसतं. म्हणून आधी व्हॅलिडिटीबद्दल, मग बाकीचं.

जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत देतात. तो खरा आहे का हे तपासून पडताळणी समिती वैधता देते. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर दोन्ही लागतात. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती आहे. अनुसूचित जमातींच्या समित्या आदिवासी विकास विभागाकडे वेगळ्या आहेत, त्यामुळे आदिवासी विद्यार्थ्यांनी जिल्हा समितीकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

अकरावी-बारावी विज्ञान शाखेचे विद्यार्थी हा अर्ज आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करू शकतात. बार्टी (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था) या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज भरायचा, प्रिंट काढायची, नमुना १६ वर प्राचार्यांची सही-शिक्का घ्यायचा आणि त्यासोबत दोन प्रतिज्ञापत्रं जोडायची. नमुना ३ वंशावळीचा आणि नमुना १७ कागदपत्रं खरी असल्याचा. कॉलेजच्या कार्यालयात 'नंतर या' असं उत्तर मिळू शकतं. तरीही अकरावीच्या दिवाळीपर्यंत हे काम उरकायचा प्रयत्न करा, कारण बारावीत प्रॅक्टिकल आणि सीईटीच्या धावपळीत ते मागेच पडतं.

पुरावा कसला?

अर्जापेक्षा पुरावे गोळा करण्यातच जास्त वेळ जातो. तुमचा, वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा लागतो. शिवाय प्रत्येक प्रवर्गासाठी एक ठरलेली तारीख आहे: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि त्या जातीचं होतं, हे कागदावर दिसायला हवं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ ची, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागा. जन्ममृत्यूच्या त्या नोंदींत जात लिहिलेली सापडते. जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून तिचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

दोन ठिकाणी हमखास अडतं. एक, बौद्ध कुटुंबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' असतं आणि जातीचा उल्लेखच नसतो. अशा वेळी धर्मांतरापूर्वीची जात दाखवणारी आजोबा-पणजोबांची नोंद शोधावी लागते. दोन, भटक्या जमातींत १९६१ पूर्वीचा कागद मिळणंच मुश्कील. ज्यांचं गावच दर हंगामाला बदलायचं, त्यांच्याकडे जुन्या वास्तव्याचा लेखी पुरावा मागणं मला तरी न्याय्य वाटत नाही. पण नियम आहे तो असा आहे. कागद अपुरे पडले तर समितीचं दक्षता पथक घरी येऊन चौकशी करतं. त्यात वेळ जातो, म्हणूनही अर्ज लवकर हवा.

वडील, सख्खा भाऊ-बहीण, काका, चुलतभाऊ यांपैकी कुणाला आधी वैधता मिळाली असेल तर ती जरूर जोडा. रक्ताच्या नात्यातला हा पुरावा सगळ्यांत बळकट. आईकडच्या नातेवाइकांचे कागद सहसा कामाला येत नाहीत. आडनाव किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर अर्जाआधीच राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्राची सोय करून ठेवा.

प्रवेशाच्या वेळी वैधता हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पावती जोडून तात्पुरता प्रवेश घेण्याची सवलत सरकारने काही वर्षी दिली आहे. मुदतीत वैधता आली नाही तर तुमचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो किंवा जागा हातची निसटते. त्या सवलतीच्या भरवशावर बसू नका.

कोण पात्र, किती फी

राज्याच्या सीईटी कक्षातून, म्हणजे कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून इंजिनीअरिंगला जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात, राज्यातल्या मागास प्रवर्गातल्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के. ओबीसी (इतर मागास), व्हीजेएनटी (विमुक्त-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) यांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. कुणी मागितलंच तर नियम दाखवायला सांगा.

फीचं असं आहे. अनुसूचित जाती-जमातींतल्या ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आहे, त्यांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काची फ्रीशिप, म्हणजे माफी. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसीतल्या मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही माफी गेली.

याखेरीज टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफी योजना) नावाच्या ५ टक्के जादा जागा असतात. जात कुठलीही चालते, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, शिक्षण शुल्क माफ होतं. कॉलेजांचे पर्याय भरताना या जागांचा कोड वेगळा निवडावा लागतो, आणि तो न निवडल्यामुळेच बरेच पात्र विद्यार्थी या जागांपासून दूर राहतात.

महाडीबीटीवर

प्रवेश झाल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करायचा. आधार, चालू वर्षाचा तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, अधिवास, जातीचा दाखला, वैधता, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचं वाटपपत्र आणि फीची पावती स्कॅन करून ठेवा. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्रही लागतं. अर्ज आधी कॉलेजकडे जातो, मग विभागाकडे. त्रुटी निघाली तर तो परत तुमच्या खात्यात येतो, त्यामुळे अधूनमधून लॉगिन करून बघत राहा.

बँक खातं आधारशी जोडलेलं असणं आणि ते डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, मॅप झालेलं असणं हे वेगळं. शाखेत जाऊन मॅपिंग झालंय का ते स्पष्ट विचारा. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी कॉलेजला भरायची असते. ते पैसे घरखर्चात गेले की वर्षअखेरीला हॉलतिकीट अडतं. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज दर वर्षी करावा लागतो.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये, आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना साहित्यासाठी आणखी ५ हजार. वसतिगृहासाठी अर्ज केलेला असणं ही त्यातली अट आहे, म्हणून नंबर लागणार नाही असं वाटलं तरी तो अर्ज टाका. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वयम् योजना आहे.

मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) प्रगती आणि दिव्यांगांसाठी (४० टक्के किंवा अधिक) सक्षम शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असताना ही घेता येत नाही, तेव्हा तुमच्या कॉलेजच्या फीचा आकडा समोर ठेवून कोणती घ्यायची ते ठरवा.