चतुर्थीची तारीख आणि तुतारीची वेळ

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणून रविवारी २४ तारखेला जेवूनखाऊन घराबाहेर पडलेल्या चाकरमान्याच्या तिकिटावर २५ ऑगस्ट असतं. आता वाडीतल्या मंडळाच्या वेबसाइटवर या दोन्ही नोंदी टाकायच्या आहेत. दोन्ही मजकूर म्हणून येतात आणि दोन्ही ‘डेट’मध्ये, म्हणजे प्रोग्रॅमिंग भाषेतल्या तारखेच्या प्रकारात, बदलाव्याशा वाटतात. माझ्या मते गडबड सुरू होते ती इथेच.

चतुर्थी म्हणजे कॅलेंडरवरचा एक दिवस. त्याला तास नाही, मिनिट नाही, टाइम झोनही नाही. तुतारीचं सुटणं हा क्षण आहे. मालवणात असा की न्यू जर्सीत, तो सगळ्यांसाठी एकच. फक्त घड्याळातला आकडा वेगळा.

वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत मात्र दोन्हींना अनेक वर्षं एकच जुना ‘डेट’ प्रकार मिळत आला, आणि तो आतून नेहमी क्षणच असतो. त्याला ‘२०२५-०८-२७’ एवढाच मजकूर दिला (कोडमध्ये अर्थातच इंग्रजी आकडे), तर भाषेच्या ठरलेल्या नियमानुसार तो यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरतो. आपल्याकडे ते पहाटेचे साडेपाच होतात, तारीख २७ च राहते आणि सगळं ठीक दिसतं. न्यू जर्सीतल्या भाच्याला मात्र २६ तारखेचे रात्रीचे आठ दिसतात, म्हणजे चतुर्थी एक दिवस अलीकडे. कुडाळात बसून तपासणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही.

उलट बाजूची चूक आपल्याच माथी येते. वर्ष, महिना, दिवस असे आकडे वेगवेगळे देऊन २७ ऑगस्ट बनवला, की भारतीय मध्यरात्र मिळते. तीच सर्व्हरला पाठवताना आयएसओ मजकुरात (तारीख-वेळ लिहिण्याचा आंतरराष्ट्रीय नमुना, इथे यूटीसीत) बदलली, की होतं २६ ऑगस्ट, १८:३०. पुढे कोणी पहिले दहा अक्षर-आकडे कापून ठेवले, तर डेटाबेसमध्ये चतुर्थी कायमची २६ ला जाऊन बसते.

तुतारीला हेच रूपांतर चालतं. २५ ऑगस्ट ००:०५ चे यूटीसीमध्ये २४ ऑगस्ट १८:३५ होतात आणि ते अगदी बरोबर आहे, क्षण तोच राहिला. तिचा धोका निराळा. ‘२०२५-०८-२५टी००:०५’ (‘टी’नंतर वेळ) असा ऑफसेटशिवायचा, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक न लिहिलेला मजकूर, ज्या यंत्रावर वाचला जाईल त्याच्या स्थानिक वेळेत धरला जातो. सर्व्हर यूटीसीवर असला, तर गाडी पहाटे ५ वाजून ३५ मिनिटांनी सुटताना दिसेल. शेवटी ‘+०५:३०’ जोडलं की प्रश्न मिटला. भारतात घड्याळं मागेपुढे होत नाहीत, म्हणून एवढं पुरतं. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी उन्हाळ्या-हिवाळ्यात फरक बदलतो, तिथे झोनचं नावच ठेवावं लागतं.

म्हणजे एकाच भाषेत, त्याच फंक्शनला, नुसती तारीख दिली तर यूटीसी आणि वेळ जोडली तर स्थानिक. हा नियम पाठच करावा.

जावा या वेगळ्या भाषेने २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत, दिवसासाठी ‘लोकलडेट’ आणि क्षणासाठी ‘इन्स्टंट’ असे दोन स्वतंत्र प्रकार दिले. पायथनमध्ये ‘डेट’ आणि ‘डेटटाइम’ आधीपासून वेगळे आहेत. ‘डेटटाइम’ला झोन जोडायचं तेवढं विसरू नये. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चतुर्थीच्या रकान्याला ‘डेट’ आणि गाडीच्या रकान्याला टाइम झोनसह असलेला ‘टाइमस्टॅम्प’. जावास्क्रिप्टच्या जुन्या ‘डेट’वर सरळ उपाय असा: चतुर्थीचा मजकूर मजकूरच राहू द्या, दाखवताना रेघांवर तोडून तीन आकडे घ्या.

तपासताना संगणकाचा टाइम झोन न्यूयॉर्कचा करून पान उघडा. चतुर्थी २७ च दिसली पाहिजे. तुतारीसमोर २४ ऑगस्ट, दुपारचे २:३५ दिसले तर हिशेब बरोबर आहे. पण गाडी पकडायची आहे दादरच्या फलाटावर, तेव्हा पानावर भारतीय वेळच दाखवा आणि शेजारी तसं लिहा.