पुतळ्यातल्या घोड्याचे पाय काय सांगतात?

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत भाचीला घोडेस्वार घेऊन दिला आणि घरच्या ग्रुपवर जुनाच मेसेज परत फिरला : घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असतील तर स्वाराला लढाईत वीरमरण, एक पाय वर तर जखमांनी मृत्यू, चारही जमिनीवर तर नैसर्गिक.

असा कुठलाही नियम नाही. शिवाजी महाराजांचं निधन १६८० मध्ये रायगडावर आजारपणात झालं. तरी पुतळ्यांमधला घोडा कुठे एक पाय उचलतो, कुठे दोन्ही. रशियाचा पहिला पीटर आजारानेच गेला, पण सेंट पीटर्सबर्गमधला त्याचा घोडा मागच्या पायांवर उभा आहे. माद्रिदमधल्या चौथ्या फिलिपचं तर विचारूच नका. दोन्ही पाय उचललेला त्याचा पुतळा १६४० चा, राजा वारला १६६५ मध्ये! मूर्तिकार ज्योतिषी होता की काय?

झाशीच्या राणीचा दाखला जुळतो म्हणे. जुळणारच, उदाहरणं निवडून घेतली की काहीही जुळतं.

पाय किती उचलायचे हे ठरतं ऐट आणि तोल यांवर. टनावारी धातू दोन पायांवर तोलायचा तर वजन मागे घ्यावं लागतं. पीटरच्या घोड्याची शेपटी खालच्या सापाला टेकवली आहे, ती त्या आधारासाठी. भाचीचा प्लॅस्टिकचा घोडाही सारखा तोंडावर पडत होता. शेवटी शेपटीला पिठाचा गोळा चिकटवला, तेव्हा कुठे उभा राहिला.