मनोविश्लेषणात्मक नाटकाचा प्रयोग (इंदूर)

अपराधगंड, भय, दडपलेली हिंसा किंवा भ्रम हाच ज्याचा गाभा, अशा नाटकाची रंगमंचावरील उभारणी. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) आणि 'गिधाडे' (१९७०) या नाटकांनी मराठीत या धाटणीचा पाया पक्का केला.

इंदूरमध्ये असे प्रयोग दोन वाटांनी होतात. एक रंगकर्मी बाबा डिके यांच्या नाट्यभारती या संस्थेने रुजवलेली हौशी रंगभूमी. दुसरी सानंद न्यासाची: बाहेरची मराठी नाटके आणून सभासदांच्या गटांसाठी लागोपाठ खेळ लावायचे. दुसऱ्या वाटेत नेपथ्य आणि प्रकाशयोजना एकदाच लागते, ही मोठी सोय. ताण पडतो तो नटाच्या गळ्यावर. दुपारी ओरडून घसा बसला की रात्रीच्या खेळातली कुजबुज फाटकी येते, आणि या नाटकांत कुजबूजच जास्त महत्त्वाची असते.

प्रयोगाचा खरा आधार अंधार. तो आयता मिळत नाही. पांढरट भिंतींवरून परावर्तित होणारा प्रकाश सगळा रंगमंच उजळवून टाकतो, म्हणून फ्लॅट (नेपथ्यातल्या भिंतींच्या उभ्या चौकटी) राखाडी किंवा मातकट, बिनचमकीच्या रंगात रंगवतात. नुसता डोक्यावरून टाकलेला प्रकाश भीतिदायक दिसतो खरा, पण डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि मागच्या रांगांना नटाचा चेहराच हरवतो. समोरून ४५ अंशांच्या आसपास, १५–२० टक्क्यांवर ठेवलेला एक मंद स्पॉट हा दोष भरून काढतो. गडद निळी जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) चेहऱ्यावर टाकू नये. कातडीचे बारीक भाव त्यात मरतात. हॅलोजन दिवा बंद केल्यावरही तार क्षणभर धुगधुगते, त्यामुळे अंधार मऊ उतरतो. साधे एलईडी दिवे मात्र अगदी कमी तीव्रतेवर टप्प्याटप्प्याने मंद होतात आणि हळूहळू मावळणारा प्रसंग धक्के खात संपतो. पूर्ण अंधारात हालचाल असेल तर लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यांच्या) कडांना आणि दाराच्या चौकटीला अंधारात उजळणाऱ्या चमकपट्टीचे छोटे तुकडे लावतात. ते प्रेक्षकांकडून दिसत नाहीत ना, हे पहिल्या रांगेत बसूनच तपासावे.

दार आपटणे हा या नाटकांतला नेहमीचा प्रसंग. दाराच्या फ्लॅटला मागून दोन तिरके टेकू आणि पायाशी वाळूची पोती नसतील तर सगळी भिंत थरथरते आणि प्रेक्षक हसतात. त्या हशानंतर पुढची दहा मिनिटे तरी ताण परत बांधता येत नाही.

शांततेचीही तालीम लागते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले फूट माइक लाकडी फळ्यांवरची पावले आणि विंगेतली कुजबूज दोन्ही उचलतात, म्हणून स्तब्धतेच्या जागी ध्वनिसंयोजक आवाज उतरवतो आणि पुढचे वाक्य यायच्या आत चढवतो. स्तब्धता किती सेकंदांची, हे त्याच्या संहितेत लिहिलेले असावे. तिथे प्रॉम्प्टर घाईने वाक्य पुरवू लागला तर प्रसंग कोसळतो.

रक्ताचे डाग प्रकाश लावूनच तपासतात. निळ्या प्रकाशात लाल रंग काळा दिसतो. 'गिधाडे'च्या वेळी परिनिरीक्षणामुळे (सेन्सॉरमुळे) साडीवरचा डाग निळा करावा लागला होता. ग्लुकोज सिरप, लाल खाद्यरंग आणि थोडा कोको हे मिश्रण पुरते. कपड्यासाठी त्यात थोडा द्रव साबण घातला की डाग धुऊन निघायला सोपे जाते. तोंडात घ्यायचे असेल तर साबण अजिबात घालायचा नाही. लागोपाठ खेळ असतील तेव्हा त्या पोशाखाच्या निदान दोन प्रती लागतात, कारण धुतलेली साडी पुढच्या खेळापर्यंत वाळत नाही.