चिनी दैनिकांची वाटचाल: शांघायपासून हाँगकाँगपर्यंत

चिनी भाषेतील आधुनिक दैनिकाची घडी एका परदेशी व्यापाऱ्याने बसवली. अर्नेस्ट मेजर या शांघायमधील इंग्रज व्यापाऱ्याने ३० एप्रिल १८७२ रोजी ‘शेन पाओ’ सुरू केले, पण संपादनाचे काम चिनी विद्वानांकडेच सोपवले. दरबारी बातमीपत्रांत फर्माने आणि नेमणुका छापल्या जात. ‘शेन पाओ’ने बाजारभावांबरोबर सामान्य माणसाच्या कोर्टकचेरीलाही जागा दिली. यांग नायवू या झेज्यांग प्रांतातील सुशिक्षित तरुणावर एका स्त्रीशी संगनमत करून तिच्या पतीला विष घातल्याचा आरोप होता आणि छळ करून त्याच्याकडून कबुलीजबाबही घेण्यात आला होता. या खटल्याचा ‘शेन पाओ’ने काही वर्षे पाठपुरावा केला. अखेर मृतदेहाच्या अवशेषांची पेकिंगमध्ये फेरतपासणी होऊन विषप्रयोग झालाच नसल्याचे निष्पन्न झाले आणि १८७७ मध्ये अनेक अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले. छापील शब्दाचा धाक सत्तेला वाटू शकतो, हे चिनी वाचकाने यातून प्रथमच इतक्या स्पष्टपणे पाहिले असावे.

हा धाक मालकाच्या जिवावरही बेतू शकत होता. १९१२ मध्ये ‘शेन पाओ’ची सूत्रे शी ल्यांगत्साय यांच्याकडे आली आणि ते चीनमधील सर्वाधिक खपाच्या दैनिकांपैकी एक झाले. १९३१ मध्ये जपानने मांचुरियावर आक्रमण केल्यानंतर पत्राने राष्ट्रवादी नेते चँग कै शेक यांच्या धोरणावर उघड टीका केली, तेव्हा सरकारने १९३२ मध्ये काही काळ त्याचे टपालाने होणारे वितरण रोखले. १३ नोव्हेंबर १९३४ रोजी हांगचौहून शांघायला मोटारीने परतत असताना शी यांची सरकारी हेरखात्याच्या मारेकऱ्यांनी हत्या केली.

तिएनत्सिनमध्ये १९०२ साली निघालेल्या ‘ता कुंग पाओ’ची कथा मला अधिक महत्त्वाची वाटते. बंद पडलेले हे पत्र १९२६ मध्ये वू डिंगचांग, हू चेंगची आणि चांग चीलुआन या तिघांनी पुन्हा उभे केले आणि चार नियम जाहीर केले: कोणत्याही पक्षाचे व्हायचे नाही, पैशासाठी मत विकायचे नाही, खासगी स्वार्थ साधायचा नाही आणि आंधळेपणाने कुणाच्या मागे जायचे नाही. १९४१ मध्ये अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाने या पत्राला सन्मानपदक दिले. जपानी सैन्य पुढे सरकत गेले तसे ते एका शहरातून दुसऱ्या शहरात हलत राहिले. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याने हेनान प्रांतातील दुष्काळाचे वार्तापत्र छापले आणि दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात तिथल्या उपासमारीशेजारी युद्धकालीन राजधानी चोंगचिंगमधील चैन मांडली; त्याबद्दल सरकारने अंक तीन दिवस बंद ठेवायला लावला.

१९४९ च्या सत्तांतरात ‘शेन पाओ’ बंद झाले, मुख्य भूमीवर कम्युनिस्ट पक्षाचे ‘पीपल्स डेली’ सर्वोच्च झाले आणि ‘ता कुंग पाओ’ची हाँगकाँग आवृत्ती पेकिंगची बाजू मांडू लागली. ज्या पत्राचा पहिला नियम पक्षापासून दूर राहण्याचा होता, त्याचे असे व्हावे याची खंत वाटते. त्याच पत्रातून हाँगकाँगला आलेले लुई चा, म्हणजेच कादंबरीकार जिन योंग, यांनी १९५९ मध्ये ‘मिंग पाओ’ काढले. स्वतःच्या क्रमशः कादंबऱ्यांच्या जोरावर त्यांनी सुरुवातीची वर्षे तग धरली आणि १९६२ मध्ये शेजारच्या ग्वांगतुंग प्रांतातून येणाऱ्या निर्वासितांच्या लोंढ्याच्या बातम्या ठळकपणे दिल्या. १९६४ मध्ये चीनच्या अणुबॉम्बवरून त्यांचा आपल्याच जुन्या पत्राशी जाहीर वाद झाला.

आग्नेय आशियातील चिनी वृत्तपत्रे उद्योगपतींच्या आश्रयाने वाढली. सिंगापूरमध्ये रबराचे व्यापारी तान काह की यांनी १९२३ मध्ये ‘नानयांग सियांग पाऊ’, तर टायगर बाम या मलमाचे उत्पादक ऑ बून हॉ यांनी १९२९ मध्ये ‘सिन च्यू जित पो’ काढले. या दोन प्रतिस्पर्धी पत्रांच्या विलीनीकरणातून १९८३ मध्ये ‘लियानहे झाओबाओ’ हे दैनिक निघाले.